सरांची टिपटिप, माझं तेल

मालिश करणाऱ्याजवळ किस्से आपोआप साचतात. त्याचं कारण सोपं आहे. माणूस बाकड्यावर पालथा पडतो, तोंड टॉवेलात जातं, समोर कोणी दिसत नाही. मग तो बोलायला लागतो. माझे हात पोटरीवर चालू असतात आणि मी मधे तोंड घालत नाही. अशी तीस वर्षं गेली. तेलाच्या बाटल्या संपत गेल्या, किस्से तेवढे राहिले.

मलकापूरला आमच्या जिनिंगवाल्या शेठचा फुटबॉलचा क्लब आहे. पगारी पोरं आहेत. करार होतो, राहायला खोल्या, जेवायला मेस, लीगमध्ये खेळतात. मी तिथला मालिशवाला. मैदानावर चुन्याच्या रेघा मीच मारतो, पाणीही मीच भरतो. सगळे मला नाना म्हणतात. शाळेत मी फार टिकलो नाही. अक्षरं शिकलो ती दुकानांच्या पाट्या बघून, म्हणून माझं अक्षर अजून जरा मोठंच येतं.

खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक निखिल सरांचं आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटभर. तेवढं ध्यानात ठेवून वाचा, म्हणजे माझं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

* * *

मागच्या वर्षी आमची टीम शेवटच्या दहा मिनिटांत हरायची. पहिल्या हाफला आपण पुढे, नंतर पोट्टे कमरेवर हात ठेवून उभे, आणि समोरचे येऊन गोल मारून जात. शेठ वैतागले. त्यांनी पुण्याहून फिटनेसचे सर बोलावले. तेच निखिल सर. वयानं माझ्या पोरापेक्षा लहान, पोट औषधालाही नाही. मनगटावर एक घड्याळ, त्यात वेळ सोडून बाकी सगळं दिसायचं.

पहिल्याच दिवशी शेठनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि सांगितलं, "मोसम संपला की सर पळायची परीक्षा घेतील. जो नापास, त्याचा करार खतम. मग तो कितीही मोठा कलाकार असो."

'कलाकार' म्हणताना त्यांनी गजूकडे पाहिलं.

गजू म्हणजे गजानन, जानेफळचा. आमचा फॉरवर्ड. पोट जरा पुढे, दोन पावलं पळाला की तिसरं पाऊल विचार करून टाकणार. पण बॉल त्याच्याजवळ आला की पाळलेल्या मांजरासारखा त्याच्या पायांतच घोटाळायचा. नऊ वर्षं त्याचे पाय मी चोळत होतो. बाकीची पोरं क्लबची होती, गजू माझा होता. म्हणजे मी तसं धरून चाललो होतो.

तर सर मला म्हणाले, "नाना, उद्या सकाळी लॅडर लागेल. ग्राउंडवर आणून ठेवा."

लॅडर म्हणजे शिडी, एवढं मला कळतं. मी जिनिंगमधून बांबूची वीस फुटी शिडी मागून आणली. दोन हमाल पुढे, मी मागे. सर बघतच राहिले. मग त्यांनी आपल्या बॅगेतून एक गुंडाळलेली पट्टी काढली, पिवळी, नायलॉनची, आणि जमिनीवर आडवी पसरली.

"नाना, तुमची चढायची आहे," सर हसून म्हणाले.

"मंग तुमची कायची आहे?"

"पळायची."

शिडी आडवी टाकून तिच्या घरांतून पळतात हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पोरं हसली. गजू सगळ्यात जास्त हसला. मला त्याचंच वाईट वाटलं.

* * *

सरांनी फळ्यावर दोन रकाने केले. एक 'फिट', एक 'अनफिट'. दुसऱ्या रकान्यात एकच नाव होतं. ते कोणाचं हे सांगायला नको.

सर मेहनती माणूस. त्यांनी ठरवलं की गजू घरी काय खातो, कसा राहतो ते घरच्यांनाच विचारावं. संध्याकाळी जानेफळला फोन लावला. फोन गजूच्या आईनं उचलला. मी शेजारीच तेल गरम करत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

सर म्हणाले, "मी क्लबमधून बोलतोय. गजाननच्या फिटनेसबद्दल विचारायचं होतं. त्याचं लहानपणापासून असंच आहे का?"

पलीकडून काहीतरी आवाज आला.

"घरात अजून कोणाला आहे का? आणि काय खाल्ल्यावर जास्त होतं?"

फोन कट झाला. सर म्हणाले, रेंज गेली असेल.

रेंज गेलेली नव्हती. आमच्याकडे 'फिट' एकच असते. ती येते, माणूस पडतो, हातपाय झाडतो, आणि मग त्याला कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. त्या माउलीनं तेच धरलं. गजूला फोन लावावा तर पोरांचे फोन शिस्त म्हणून सरांनी कपाटात ठेवलेले. झालं. सकाळी पहिल्या एसटीनं आई आणि मामा निघाले, खामगावला गाडी बदलली आणि थेट मैदानावर आले.

मैदानावर तेव्हा काय चाललं होतं, तर गजू पालथा, हातांवर उभा, पंधरावा पुशअप. हात थरथरत होते, मान लटपटत होती, तोंडातून आवाज निघत होता. सर त्याच्या डोक्याशी उभे राहून शिट्टी वाजवत होते.

आई फाटकातूनच पळत सुटली. तिच्या वयाला ती जी पळाली, ते सरांनी मोजायला हवं होतं. पायातली चप्पल काढली, गजूचं डोकं मांडीवर घेतलं आणि चप्पल नाकाशी धरली.

सर घाबरून म्हणाले, "आई, थांबा, त्याला काही झालेलं नाही. तो फिट होतोय."

"तेच तं मी सांगून राह्यली! पोराले फिट होऊन राह्यली अन् तुमी शिट्टी वाजोता?"

समजूत पटायला अर्धा तास गेला. पटल्यावर मात्र त्या बाईला सर एकदम आवडले. माझ्या पोराची एवढी काळजी कोणी केली नाही, म्हणाली. पिशवीतून मेथीच्या लाडवांचा डबा काढला आणि सरांच्या हातात दिला. नऊ वर्षं तो डबा माझ्याकडे यायचा.

सर गोड खात नाहीत. त्यांनी डबा तसाच माझ्याकडे सरकवला. लाडू मी खाल्ले. पण ते दिलेले नव्हते, उरलेले होते.

* * *

मग ती काळी बंडी आली. बंडीच म्हणायची, बिनबाह्यांची, छातीला घट्ट. तिच्या पाठीवर एक खिसा आणि खिशात साबणाच्या वडीएवढं मशीन. ते आकाशातून बघतं म्हणे, कोण किती पळालं. रोज संध्याकाळी मेसच्या भिंतीवर कागद लागायचा. पहिला कोण, दुसरा कोण, आणि शेवटी गजू.

मी तो कागद रोज वाचायचो. पाट्या वाचायची सवय. त्यात मीटर होते, श्वास होते, छातीचे ठोके होते. बॉल कुठेच नव्हता. कोणी कोणाला काय पास दिला, कोणी कोणाला कसं चकवलं, त्याला रकानाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझंही नाव नव्हतं. तीस वर्षं झाली, एका भिंतीवर तरी असावं, असं मनात येऊन गेलं.

आमचा बारा नंबरचा डिफेंडर संतोष बहिणीच्या लग्नाला घरी गेला होता. त्याची बंडी खुंटीवर रिकामी लटकत होती. मी ती सकाळी सदऱ्याच्या आत घातली. वडी चालू करायचं बटन मला माहीत होतं. मग माझं रोजचं काम केलं. रेघा मारल्या, पाणी भरलं, घाणीवर जाऊन तिळाचं तेल आणलं, परत येऊन गोलपोस्टच्या जाळ्या बांधल्या, पोरांच्या मागे मागे बॉल गोळा केले. संध्याकाळी बंडी परत खुंटीवर.

कागद लागला. सर खुशीत वाचायला लागले, "आज सगळ्यात जास्त अंतर, बारा नंबर. शाब्बास, संतोष कुठे आहे?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, संतोष मांडवात आहे, सर.

मला लपवता येत नाही. मी सदऱ्याचं वरचं बटन उघडलं, घट्ट बंडीचा लाल वळ दाखवला. सर रागावले नाहीत, उलट घड्याळात बघून माझं वय विचारायला लागले. गजू शेवटच्या नंबरावरून वाकून कागद बघत होता.

"नाना, तुमी माह्यापेक्षा जास्त पळाले."

"मी कुठं पळालो बे? मी चाललो."

"तेच तं म्हन्तो," गजू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो कागद काढला. मी तो मागून घेतला. बारा नंबरपुढे नाव संतोषचंच आहे. पण मला माहीत आहे.

* * *

आता एक गजूचा सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगा नुसता पोट घेऊन फिरत होता.

बाहेरगावची एक टीम आली होती. त्यांच्या मालिशवाल्याची गाडी चुकली. त्यांचे कोच मला म्हणाले, नाना, आमच्याही पोरांचे पाय जरा बघा. पाय कोणाचेही असोत, मी बघतो. त्यांचा एक डिफेंडर होता, उंच, दणकट, हरणासारखा पळणारा. सर त्याच्याकडे बघून म्हणालेसुद्धा, "याला म्हणतात ॲथलीट."

मी त्याला बाकड्यावर घेतलं. उजवा पाय लोण्यासारखा. डाव्या पोटरीत मात्र आत खोल गाठ. ती त्यालाही माहीत नव्हती. मी ती सोडवायला लागलो. वेळ लागला. गजू समोरच्या बाकावर बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. एका बुटाला एवढा वेळ लागत नाही.

मॅचमध्ये गजूनं पहिली दहा मिनिटं काहीच केलं नाही, उभाच होता. मग बॉल आला. त्यानं त्या उंच पोराला एकदा डावीकडं वळवलं, थांबला, परत डावीकडं वळवलं, थांबला. तिसऱ्यांदा तो पोरगा वळायला गेला आणि पाय अर्धा सेकंद उशिरा आला. तेवढ्या फटीतून गजू गेला. चालत म्हटलं तरी चालेल. गोल.

हाफटाईमला सरांनी त्याला विचारलं, तुला कसं कळलं तो डावीकडे कच्चा आहे? गजू माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, नानाचे हात वाचता येतात मले."

मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी फक्त एका पायाला जास्त वेळ दिला होता. सरांनी ते वहीत लिहायला पेन काढलं, पण काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही. तो माझा या मोसमातला सगळ्यात चांगला दिवस.

* * *

पण सरांचाही दिवस आला, आणि तो माझ्यापेक्षा मोठा होता.

भर उन्हातली मॅच. मलकापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, गोलपोस्टच्या खांबाला हात लावला तर चटका बसतो. समोरची टीम खेळायला आमच्यापेक्षा सरस होती. पासिंग असं की बघत राहावं. मागच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून सपाटून मार खाल्ला असता. या वेळी पंचाहत्तर मिनिटं झाली, ऐंशी झाली, आणि कमरेवर हात त्यांचे गेले. आमचे पोट्टे पळतच होते. शेवटी शेवटी संतोष मागून पुढपर्यंत पळत आला आणि गोल मारून गेला. त्याला अडवायला त्यांच्यात कोणी उरलंच नव्हतं.

गजूला तेव्हा बाहेर काढलेलं होतं. त्याची हवा साठ मिनिटांतच गेली होती. तो माझ्या शेजारी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसला होता. गोल झाला तेव्हा शेठनी येऊन सरांना मिठी मारली. बरोबरच होतं. मी पाण्याची बाटली धरून उभा होतो, ती मीच पिऊन टाकली.

आता माझं एक पाप सांगतो. सरांकडे एक थंड फवाऱ्याचा डबा होता. कोणाच्या पोटरीत गोळा आला की सर पळत जायचे, फुस्स करायचे, पोरगा उभा. माझं तेल, माझे अंगठे, सगळं त्या फुस्समध्ये गेलं. आधी पोरं पडली की "नाना" म्हणायची, आता "सर" म्हणायला लागली. त्या मॅचच्या आधी मी तो डबा बर्फाच्या पेटीमागे सरकवला. लपवला म्हणत नाही, सरकवला.

शेवटच्या मिनिटाला आमचा गोलकीपर पाय धरून पडला. सरांनी बॅग उलटी केली, डबा नाही. मला म्हणाले, नाना, तुम्ही जा. मी तेलाची बाटली घेऊन निघालो. माझी चाल तुम्हाला माहीत नाही. गोलपोस्ट पलीकडच्या टोकाला. रेफ्री घड्याळ बघतो आहे, मी चालतो आहे. मी पोचलो तेव्हा गोलकीपर उभा राहून माझी वाट बघत होता.

"नाना, तुमी येईपर्यंत बराच झालो."

रेफ्री म्हणाला, "औषध जालीम आहे यांचं."

नंतर मीच डबा काढून सरांना दिला. सापडला म्हणालो. सरांनी माझे दोन्ही हात धरून थँक्यू म्हटलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

* * *

मधे आठ दिवसांची सुट्टी होती. सरांनी गजूला घरी रोज सकाळी पळायचं सांगितलं होतं. मला खात्री होती, हा पठ्ठ्या पळणार नाही.

एका सकाळी सर आणि मी कँटीनला चहा घेत होतो. सरांनी गजूला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून नुसता धापांचा आवाज.

"गजानन, कुठे आहेस?"

"सर, पळून राह्यलो."

सरांचा कप हवेतच थांबला. "पळून? कुठे?"

"मेहकरच्या रस्त्यानं."

"अरे पण का?"

"तुमच्यामुळंच तं पळून राह्यलो, सर."

"बरोबर कोण आहे?"

"एकटाच. संगं यायले कोनी तयार नाही."

फोन कट झाला. सरांचा चेहरा पांढरा पडला. पुण्यात 'पळून राहिलो' म्हणजे माणूस घर सोडून गेला आणि तिकडेच राहिला. आमच्याकडे 'पळून राह्यलो' म्हणजे आत्ता, या घटकेला, पळणं चालू आहे. सर कपाळाला हात लावून बसले. "मी जास्तच ताणलं त्याला, त्याच्या आईला काय तोंड दाखवू, शेठना आताच सांगतो," असं काय काय बोलत होते. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मला पहिल्या वाक्यालाच समजलं होतं. पण चहा अर्धा होता. तो संपेपर्यंत मी काही बोललो नाही. गजूसाठी दुसऱ्या कोणाचा जीव एवढा खालीवर होताना बघणं मला नवीन होतं. आणि आवडलंही नाही.

कप खाली ठेवून मी सरांना अर्थ सांगितला. सर इतके हसले की रडलेच. मग म्हणाले, "म्हणजे तो खरंच पळतोय, नाना. माझं ऐकतोय तो."

चहा कडू लागला. साखर होती त्यात.

* * *

सुट्टीवरून आल्यावर गजू माझ्याकडे येईना. सरांनी त्याला एक लाटणं दिलं होतं. रबराचं, मांडीएवढं जाड. ते जमिनीवर ठेवायचं, त्यावर पोटरी ठेवायची, आणि आपणच पुढे मागे व्हायचं. पोळी लाटण्यावरून फिरते तसं. झाली मालिश. तेल नाही, हात नाही, नाना नाही.

बाकीच्यांचा हेवा मी समजू शकतो. पण लाटण्याचा हेवा वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पोरं जेवायला गेली की मी ते उचलून बघायचो. वजन काही नाही. वासही नाही.

आठ दहा दिवसांनी, दुपारी, गजू येऊन बाकड्यावर पालथा पडला. पोट कमी झालं होतं. मी पोटरी धरली. दगड झाली होती.

"तुहं लाटणं कुठी आहे?" मी विचारलं.

"लाटण्याले काही सांगता येत नाही, नाना."

मग तो टॉवेलात तोंड घालून बोलला. परीक्षा पुढच्या सोमवारी होती. नापास झाला तर जानेफळला जाऊन मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. मेव्हण्यानं खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

"खिळे विकाले काय झालं, विकीन. पण मले बॉल सोडून दुसरं काहीच येत नाही, नाना. अन् हे पोट्टं सर, हे रोज पहाटे माह्यासंग पळते. मी थांबलो की तेही थांबते. मले लाज वाटते."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं सर पहाटे झोपतात.

मी त्याच्या पोटरीवर अंगठे दाबले, जरा जोरात. गजू ओरडला. मी म्हटलं, गाठ आहे. गाठ होती, पण तिथं नव्हती.

* * *

सोमवारी सकाळी परीक्षा.

वीस मीटरवर दोन रेघा, मीच मारलेल्या. सरांच्या मोबाईलमधून 'टीप' वाजतं. टीप वाजायच्या आत समोरच्या रेघेला पाय लागला पाहिजे. मग वळून परत. टीप हळूहळू घाईला येते. अशा पायऱ्या असतात. सरांनी आमच्यासाठी दहावी ठरवली होती. शाळेतली दहावी गजू दोनदा नापास, म्हणून पोरं त्याला चिडवत होती की आता तिसरा अटेंप्ट.

एका रेघेवर सर मोबाईल आणि वही घेऊन उभे. दुसऱ्या रेघेवर पाय लागतो की नाही बघायला त्यांनी मला उभं केलं. "नानांइतकं कोणाचं लक्ष नसतं," म्हणाले. शेठ मधोमध खुर्ची टाकून बसले. आदल्या दिवशी मैदानाला पाणी मारलेलं, माती ओली होती.

सरांबद्दल एक सांगतो. त्यांच्या कागदात एका बोटाची चूक चालत नसे. तासाभरापूर्वी संतोष दहावीच्याही पुढे पळत असताना त्याचा पाय रेघेच्या अलीकडे पडला, तर सरांनी त्याची ती फेरी खोडली. संतोष त्यांचा लाडका, तरी खोडली.

बाकीची पोरं एकेक करून पास झाली. शेवटी गजू एकटा. सातवी गेली, आठवी गेली. नववीला त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. पोरं चिडवायची थांबली आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. नुसती टीप, आणि गजूचा श्वास.

दहावीची शेवटची फेरी माझ्या रेघेकडे होती. गजू येताना मी त्याचे पाय बघत होतो. नऊ वर्षं हातात धरलेले पाय, मला त्यांच्यातलं सगळं कळतं. डावा उचलला जात नव्हता. त्यानं शेवटचं पाऊल टाकलं, टीप वाजली आणि तो पुढे तोंडावर पडला.

पाय रेघेला लागला नव्हता. वीतभर कमी होता.

"नाना," शेठनी खुर्चीतून विचारलं, "लागला काय पाय?"

तीस वर्षांत शेठना मी कधी खोटं सांगितलं नाही. डबा सरकवला, चहा संपेपर्यंत गप्प बसलो, पण शेठसमोर तोंडानं खोटं नाही. मी गजूकडे पाहिलं. तो मातीत पडून माझ्याकडेच बघत होता. माझ्या डोक्यात आलं, आज हे मी बोललो तर हा पोरगा जन्मभर ध्यानात ठेवील. सरांनी त्याला पळवलं असेल, पण वाचवलं नानानं. मेहनत त्यांची, पण शेवटचा शब्द माझा. एवढं एक तरी माझं राहील.

मी घसा साफ केला. तोंड उघडलं.

"लागला, शेठ!" वीस मीटर पलीकडून सर ओरडले. "मी बघितला. दहावी पास!"

पोरांनी गजूला उचललं. आधी खांद्यावर घेतलं, मग जड होतो म्हणून खाली ठेवलं. गजू रांगत जाऊन सरांच्या गळ्यात पडला. शेठ उठले, टाळ्या वाजवत मेसकडे निघाले आणि सगळ्यांसाठी जिलेबी सांगितली.

गलका कमी झाल्यावर सर वही काखेत घेऊन माझ्या रेघेपाशी आले. ओल्या मातीत गजूच्या बुटाचा ठसा उमटला होता, खिळ्यांसकट. ठसा आणि चुना, मधे कोरी माती. सरांनी ती पाहिली. मीही पाहिली. मग सरांनी आपल्या बुटानं तो ठसा पुसला. एकदा पुसला, नीट गेला नाही म्हणून परत पुसला.

आणि हळूच मला म्हणाले, "नाना, तुम्ही बोलायला फार वेळ लावता."